गाबोळीत लाल अळी निघाली तर: ओळखायची कशी, काढायची कशी, खायचं की टाकायचं

हेकरूची (ग्रूपर माशाची) भरलेली गाबोळी उघडली आणि अंड्यांच्या मधोमध लालसर, कधी कधी हलणारा दोरा दिसला, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, अख्खा मासा फेकून द्या. दुसरा म्हणतो, समुद्रातलं आहे, काढा ते आणि तव्यावर टाका. खाण्यापुरतं बोलायचं तर दुसरा पक्ष बरोबर आहे. मात्र 'समुद्रातलं काही बाधत नाही' हे त्याचं कारण चुकीचं आहे. समुद्रातल्या माशात माणसाला बाधणाऱ्या अळ्याही असतात. त्या सहसा लाल नसतात, लांबही नसतात आणि गाबोळीच्या आत नसून तिच्या वर चिकटलेल्या असतात. म्हणजे जी बघून आपण किंचाळतो तिचा धोका जवळपास नाही, आणि जिच्याकडे लक्ष जात नाही तिला ओळखायला शिकणं गरजेचं आहे.

ही लाल अळी आहे तरी कोण

हिचं शास्त्रीय नाव फिलोमेट्रा. हा गोल कृमींचा एक मोठा गट आहे. त्यातल्या बऱ्याच जाती समुद्री माशांच्या अंडाशयात, म्हणजे आपल्या गाबोळीत, राहतात. काही जाती नराच्या पांढऱ्या गाबोळीतही सापडतात. हेकरू, तांबोशी आणि ढोमा-घोळ या घराण्यांतल्या माशांत त्यांची नोंद जगभर झाली आहे: जपान, ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा, पॅसिफिकमधलं न्यू कॅलेडोनिया बेट, अमेरिकेची दक्षिण कॅरोलायना आणि आपला बंगालचा उपसागरसुद्धा.

आपल्याला दिसते ती मादी. ती काही सेंटीमीटरपासून वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत लांब होते. ती माशाचं रक्त पिते, म्हणून तिचा रंग लालसर-तपकिरी. नर दोन-चार मिलिमीटरचा, केसासारखा बारीक आणि पारदर्शक असतो. स्वयंपाकघरात तो कुणालाही दिसत नाही.

हिचं नातं मराठी माणसाच्या ओळखीच्या एका रोगाशी आहे. नारू आठवतो? पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायल्यावर वर्षभराने पायातून हातभर लांब कृमी बाहेर यायचा तो. फिलोमेट्रा त्याच्याच नात्यातली. नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म कवचधारी जिवात वाढायची, हिची पिल्लंही तशाच सूक्ष्म जिवांत वाढतात. मासा ते जीव खातो किंवा ते खाल्लेला छोटा मासा खातो, आणि कृमी त्याच्या पोटात शिरून वाढत वाढत गाबोळी गाठतो. हे नातं ऐकून घाबरू नका. नारू माणसाचा कृमी होता, ही माशाची आहे. शिजवलेल्या गाबोळीतून ती माणसाच्या अंगात जाऊन वाढत नाही. नारूतून तर भारत २००० साली अधिकृतपणे मुक्त झाला.

या मादीची एक गोष्ट पुढच्या कामासाठी लक्षात ठेवा. पूर्ण वाढल्यावर तिचं जवळपास सगळं शरीर म्हणजे पिल्लांनी भरलेलं गर्भाशय होतं आणि प्रसूतीची वाट झिजून बंद होते. पिल्लं बाहेर यायची तर तिचं अंगच फुटावं लागतं. मासा अंडी सोडतो तेव्हा त्यांच्याबरोबर तीही बाहेर पडते, पाण्यात फुटते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची हजारो पिल्लं मोकळी होतात. त्यामुळे तिची वाढ माशाच्या गाबोळीच्या हंगामाशी जुळलेली असते. गाबोळी भरली की तीही भरलेली. आपण ज्या दिवसांत बाजारात गाबोळीवाला मासा शोधत फिरतो, नेमक्या त्याच दिवसांत ती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सहज दिसणारी असते. 'हल्ली माशात फार अळ्या निघतात' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

विकत घेताना

बाहेरून बघून कळत नाही. डोळे चकचकीत, कल्ले लाल, अंग घट्ट असा मासाही आत गाबोळीत अळ्या बाळगून असू शकतो. ताजेपणाचा आणि या कृमीचा काही संबंध नाही. उलट अळी हलत असेल तर मासा ताजा आहे असंच समजा.

सुटी गाबोळी घेत असाल तर मात्र बघण्यासारखं आहे. दोन्ही फाकी मागून घ्या, कारण एका फाकीत काही नसलं तरी दुसरीत असू शकतं. पातळ पापुद्र्यातून आत पाहा. निरोगी गाबोळीचा रंग सगळीकडे सारखा दिसतो, फिकट पिवळा किंवा केशरी. मध्येच काळपट किंवा विटकरी वळणं दिसली, एखादा भाग रक्त साकळल्यासारखा लाल असला, किंवा बोटाला एका जागी गाठ लागली, तर कापून दाखवा म्हणावं.

इथे मासेवाली हमखास म्हणणार, "अळी न्हाय गो ताई, शीर हाय ती." पुष्कळदा ती खरंच बोलत असते, कारण गाबोळीवर रक्तवाहिन्या असतातच. फरक ओळखायचा तर शीर पापुद्र्याला चिकटलेली असते, तिला फाटे फुटतात आणि ती पुढे बारीक होत जाते. बोटाने दाबत गेलात तर रक्त पुढे सरकतं. अळीला फाटा नसतो, जाडी जवळपास सारखी असते, ती अंड्यांच्या मधून वळणं घेत गेलेली असते आणि सुरीच्या टोकाने उचलली तर सुटी वर येते. या एका परीक्षेवर बहुतेक वाद मिटतात.

उघडताना

मासा घरी आणल्यावर पोट साफ करायचं काम लांबवू नका. हे त्या लाल अळीसाठी नव्हे, दुसऱ्या एका अळीसाठी, ती पुढे येतेच आहे. लगेच साफ करणं जमणार नसेल तर मासा भरपूर बर्फात ठेवा.

पोटाची चीर उथळ द्या, म्हणजे गाबोळीला सुरी लागणार नाही. गाबोळी अखंड बाहेर काढा आणि आतड्यांपासून वेगळी करून पांढऱ्या ताटात ठेवा. स्टीलच्या ताटात पारदर्शक आणि फिकट गोष्टी दिसत नाहीत. खिडकीशी उजेडात बसा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च गाबोळीच्या खालून धरा. पातळ गाबोळीत आतलं वळण सावलीसारखं उठून दिसतं.

आधी बाहेरचा पृष्ठभाग नीट पाहा आणि मगच गाबोळी उघडा. सगळे थेट मधोमध चिरतात आणि पृष्ठभागावरचं बघायचं राहून जातं. त्यानंतर पापुद्रा लांबीत चिरून पुस्तक उघडावं तशी गाबोळी उघडा.

काय काय दिसू शकतं

लाल-तपकिरी, लांब, अंड्यांच्या आत: फिलोमेट्रा. सुरुवातीला सांगितलेली हीच. एकच असते किंवा गुंता करून अनेक असतात.

तपकिरी, काळपट, कडक काड्यांसारखं काही किंवा पिवळट गाठी: बहुधा मागच्या हंगामात मेलेल्या त्याच अळ्या. माशाचं शरीर त्यांच्याभोवती आवरण बांधतं. दिसायला हेच सगळ्यात वाईट. ते रवाळ लागतं आणि चवही बिघडवतं, पण विषारी नसतं.

पांढरी किंवा पारदर्शक, दोन-तीन सेंटीमीटरची, वेटोळं घालून बसलेली, गाबोळीच्या, यकृताच्या किंवा आतड्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेली: ही ॲनिसाकिस किंवा तिची भावंडं. लक्ष द्यायचं ते हिच्याकडे. ही जिवंतपणी माणसाच्या पोटात गेली तर जठराच्या भिंतीत तोंड खुपसते. काही तासांत पोटात जीवघेणी कळ येते, उलट्या होतात आणि पुष्कळदा दुर्बिणीतून ती काढावी लागते. कच्चा मासा खाणाऱ्या जपानमध्ये हा नेहमीचा आजार आहे. आपण मासा शिजवून खातो म्हणून वाचतो. शिवाय मासा मेल्यावर ही अळी पोटातल्या अवयवांतून मांसात सरकू शकते. मासा लवकर साफ करायचा तो यासाठी.

तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या पांढऱ्या पिशव्या, ज्या दाबल्या की फुटतात आणि आतून चिमुकली पांढरी अळी निघते: या शार्क-वागळींच्या पोटात वाढणाऱ्या पट्टकृमींच्या बाल्यावस्था. आपला मासा त्यांच्यासाठी वाटेतला थांबा असतो. माणसाच्या दृष्टीने किळस सोडली तर विशेष काही नाही.

काढायची कशी

फिलोमेट्रा काढताना तीन चुका होतात. नळाखाली धरणं, चिमट्याने जोरात ओढणं, आणि अंड्यांसकट पिळून काढणं. तिन्हींत अळी फुटते. वर सांगितलं तसं तिच्या अंगात पिल्लंच पिल्लं असतात. फुटली की दुधाळ पाणी सगळ्या गाबोळीत पसरतं. ते बाधत नाही, पण एकदा बघितल्यावर ती गाबोळी घरात कुणी खात नाही.

साधं पाणी तिला लवकर फोडतं, कारण तिच्या अंगातलं पाणी खारं असतं आणि गोडं पाणी आत शिरून ती फुगते. म्हणून गाबोळी मिठाच्या पाण्यात ठेवा: एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड-दोन सपाट छोटे चमचे. या पाण्यात अळी शाबूत राहते आणि अंडीही पाणी पिऊन फुगत नाहीत. दुसरं असं की टोक शोधून ओढू नका. वळणाच्या मध्यावर बोथट काडी, सुरीची मागची बाजू किंवा चमच्याचा दांडा सरकवा आणि हळूच वर उचला. ती अंड्यांत अडकलेली असली तरी ताजी असताना घसरून निघते. अडलीच तर तेवढ्या भागातली चमचाभर अंडी तिच्यासकट काढून टाका. चमचाभर गाबोळीसाठी अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही.

हाताला चीर, भाजलेलं किंवा काट्याची जखम असेल तर हातमोजे घाला. ही नुसती सावधगिरी नाही. हवाई बेटांवर मासा कापताना एका मच्छिमाराच्या हातावरच्या उघड्या जखमेत अशी अळी शिरल्याची नोंद १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. असं क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. कोळीवाड्यात दिवसभर मासे कापणाऱ्या बायकांच्या हातावर रोज नव्या चिरा असतात. त्यांच्यासाठी ही सूचना घरच्या स्वयंपाक्यापेक्षा जास्त महत्त्वाची.

काढलेली अळी बेसिनमध्ये सोडू नका. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. आणि जेटीवर, होडीवर काम करणाऱ्यांना एक विनंती: अळ्यांनी भरलेली गाबोळी पुन्हा बंदराच्या पाण्यात फेकू नका. पिल्लांना पाणीच हवं असतं, ते आपण आयतं देतो.

शिजवणं आणि गोठवणं

गाबोळीचा घोळ हा की ती बाहेरून लवकर शिजते आणि आत कच्ची राहते. रव्यात घोळवून मोठ्या आचेवर तळलेल्या जाड गाबोळीचा मधला भाग कधी कधी कोमटच असतो. ॲनिसाकिससारख्या अळ्या मरायला माशाच्या मध्यभागी साधारण ६० ते ६३ अंश तापमान पोचायला हवं.

यावर उपाय कोकणातल्या घरोघरी आधीपासून आहे. जाड गाबोळी आधी हळद-मिठाच्या पाण्यात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकडायची, निवली की गोल चकत्या करायच्या आणि मग मसाला लावून शॅलो फ्राय करायच्या. मधला भाग अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत न राहता घट्ट, मॅट दिसला की झालं. हेकरूची गाबोळी मोठी असते, तिला हे करायलाच हवं. बोटाएवढ्या जाडीच्या गाबोळीला उकडण्याची गरज नाही, झाकण ठेवून तळली तरी पुरे.

लिंबू, कोकम, आमसुलाचं पाणी, व्हिनेगर, मिरपूड यांनी अळी मरते हा भ्रम आहे. आंबट पाण्यात ॲनिसाकिस दिवसेंदिवस जिवंत राहू शकते. तिला जठरातलं आम्लही सोसतं, लिंबाचं काय घेऊन बसलात.

कच्चंच खायचं असेल, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या हॉटेलात सुशी असेल किंवा घरी कुणी प्रयोग करत असेल, तर मासा आधी गोठवलेला हवा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस उणे २० अंशाला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशाला गोठवून त्याच तापमानाला पंधरा तास अशी आहे. घरातला फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो आणि दार उघडझाप झाली की तेवढाही राहत नाही. म्हणून घरी गोठवलेल्या माशावर कच्चं खाण्यासाठी भरवसा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना कॉड, हेरिंग आणि तिकडचा मॅकरेल मिळतो. उत्तर अटलांटिकच्या या माशांत ॲनिसाकिस सर्रास असते. तिकडे कॉडची गाबोळी आणलीत तर पृष्ठभाग तपासल्याशिवाय चिरू नका.

ॲनिसाकिसची ॲलर्जी असलेल्यांना ती शिजवून मेलेली असली तरी त्रास होऊ शकतो, कारण तिच्यातली काही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. मासा खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठतात, पण सगळ्या माशांनी उठत नाहीत, असं कुणाचं असेल तर डॉक्टरांना ही शक्यता जरूर सांगा.

केव्हा टाकायची

एक-दोन अळ्या, बाकी गाबोळी छान: काढा आणि खा. गाबोळीचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट, रक्ताळलेला किंवा गाठींनी भरलेला: टाका, चव राहिलेली नसते. अळ्यांचा संबंध असो-नसो, वास आंबूस किंवा अमोनियासारखा येत असेल तर अजिबात विचार करू नका. मासे खाऊन लोक आजारी पडतात ते बहुतेक वेळा शिळ्या, बर्फाशिवाय ठेवलेल्या माशाने, गाबोळीतल्या अळीने नव्हे. आणि गाबोळीत फिलोमेट्रा निघाली म्हणून माशाचं मांस टाकायचं काहीच कारण नाही. गाबोळीत राहणाऱ्या जाती मांसात जात नाहीत.

माशासाठी मात्र ही किरकोळ गोष्ट नसते. अळ्या फार झाल्या तर अंडाशयात रक्तस्राव होतो, ऊती कडक पडतात, अंडी कमी तयार होतात. काही माशांत हा परिणाम मोठा दिसतो, काहींत जेमतेम. हॅचरीसाठी, म्हणजे मत्स्यबीज केंद्रासाठी, समुद्रातून हेकरूच्या माद्या आणणाऱ्यांनी म्हणून मेलेल्या प्रत्येक मादीची गाबोळी उघडून बघावी. पिल्लं कमी का निघाली याचं उत्तर कधी कधी तिथे असतं.

नमुना ठेवायचा असेल तर

मत्स्य महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा कुतूहल असलेले मच्छिमार यांच्यासाठी हा भाग. पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र अशा ठिकाणी माशांचे जाणकार बसतात.

आधी अख्ख्या माशाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. मासा कुठला हे नंतर नुसत्या गाबोळीवरून सांगता येत नाही. तारीख, बंदर, माशाची लांबी, वजन आणि कोणत्या फाकीत किती अळ्या हे लिहून ठेवा. अळी मिठाच्या पाण्यात धुवा, साध्या पाण्यात नको. डीएनएसाठी एक तुकडा ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असेल तर प्रयोगशाळेत चार टक्के गरम फॉर्मालिन वापरतात, त्याने अळी सरळ राहते. घरच्या माणसाने फॉर्मालिनच्या वाटेला जाऊ नये. अल्कोहोलही मिळत नसेल तर अळी पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा.

जात ठरवणं किचकट आहे. १९३५ साली जपानी शास्त्रज्ञ यामागुती यांनी जपानच्या समुद्रातल्या एका माशात सापडलेली 'फिलोमेट्रा लॅटिओलॅब्रासिस' वर्णन केली. त्यानंतर कित्येक दशकं जगात कुठेही गाबोळीत लाल अळी निघाली की तिला हेच नाव चिकटवलं जाई. पुढे चेक शास्त्रज्ञ फ्रांतिशेक मोराव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक मासा घेऊन तपासलं तेव्हा त्या एका नावाखाली अनेक वेगळ्या जाती निघाल्या. न्यू कॅलेडोनियात जस्टिन यांच्याबरोबर त्यांनी हेकरूंमधल्या जाती शोधल्या. २०१३-१४ मध्ये मनोहरन यांच्याबरोबर बंगालच्या उपसागरातल्या माशांमधल्या गाबोळीतल्या जाती वर्णन केल्या, त्यात हेकरूही होते.

हे वेगळेपण ठरतं ते बरचसं नरावरून. मोठ्या मादीचं अंग पिल्लांनी इतकं भरलेलं असतं की आतली रचना नीट दिसत नाही. नराच्या शेपटीकडची रचना आणि त्याचे काटे जातीजातीत वेगळे असतात. तो दोन-चार मिलिमीटरचा नर गाबोळीतच कुठेतरी असतो आणि पाण्याच्या पहिल्या धारेबरोबर वाहून जातो. म्हणून नमुना द्यायचा झाला तर नुसती लाल अळी बाटलीत भरून नेऊ नका. न धुतलेली अख्खी गाबोळी बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा.